शेवटच्या पानावरची चिठ्ठी

मुन्शीजींना काहीही विचारलं की ते आधी समोरच्या कागदावर पंजा ठेवायचे. कागद पुस्तकाचा असो, अर्जाचा असो, की भजी बांधून आलेला असो, खालचा अर्धा भाग नीट झाकला गेला की मग मान वर करून म्हणायचे, "घाई काहून करता? पुढं मालूम पडते." जेवण झालं का, या प्रश्नालाही त्यांनी मला हेच उत्तर दिलेलं आहे. पुढं मालूम पडलं ते असं, की झालेलं नव्हतं आणि माझ्या डब्यातली वांग्याची भाजी दोघांत पुरवायची होती.

बालाघाटच्या कचेरीच्या आवारात, एकाच कडुलिंबाखाली आमची टेबलं शेजारी शेजारी होती. ते अर्जनवीस, मी टायपिस्ट. खेड्यातून आलेला माणूस त्यांना आपलं गाऱ्हाणं सांगायचा, ते त्याचं हिंदी करून कागदावर उतरवायचे आणि मी ते यंत्रावर बडवून काढायचो. त्यांना नाव होतं, परवान्यावर ते लिहिलेलंही होतं, पण तो परवाना देणारा आणि मी सोडून ते कुणी वाचलं नसावं. सगळ्यांचे ते मुन्शीजी.

संध्याकाळी मराठी वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असायची. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक बाक आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. शांतता आपोआपच राहायची, कारण यायचंच कोण. गोंदियाहून छोट्या गाडीनं पुस्तकं यायची आणि त्यांना पहिला हात मुन्शीजींचा लागायचा. ते दोनच जातींची पुस्तकं वाचत: ज्यात कोर्ट आहे ती, आणि ज्यात हेर आहे ती. एकदा मी भक्तिभावानं एका संताचं चरित्र पुढं केलं. त्यांनी ते उलटंपालटं करून विचारलं, "याच्यात मरते कोण?" मी म्हटलं, शेवटी संतच. "मंग ते तर आधीच मालूम आहे," म्हणून त्यांनी पुस्तक परत केलं.

आता गंमत पाहा. त्यांच्या टेबलापासून पंधरा पावलांवर खरंखुरं कोर्ट होतं. तिथं रोज वकील यायचे, तारीख घ्यायचे, पान खायचे आणि घरी जायचे. साक्षीदार विसरायचे, साहेब जांभया द्यायचे. या कोर्टावर मुन्शीजींचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं कोर्ट पुस्तकातलं. तिथं निकालाच्या ऐन क्षणी दार उघडायचं, रक्तानं माखलेला हातरुमाल घेऊन कुणीतरी आत यायचं आणि खरा गुन्हेगार पहिल्या रांगेतून पळायला लागायचा. "आपल्या कोर्टाचं दार उघडते," ते खिन्नपणे म्हणायचे, "तं चहावाला येते."

लढाईच्या वर्षी त्यांच्यातला हेर जागा झाला. गावातल्या भिंतींवर गेरूनं आकडे आणि अक्षरं उमटायला लागली होती. बाकीच्यांनी त्याकडे पाहिलं आणि ते आपल्या कामाला लागले, कारण बाकीच्यांनी पुस्तकं वाचली नव्हती. मुन्शीजींनी तीन दिवस सायकलवर हिंडून भरवेलीच्या खाणीपर्यंतच्या सगळ्या भिंती वहीत उतरवल्या. मँगनीजची खाण म्हणजे शत्रूचा डोळा असणारच, हा त्यांचा सिद्धान्त. चौथ्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवून पंजानं झाकली आणि म्हणाले, "उकललं." तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस आवारात शिरला आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर तसाच आकडा काढायला लागला. तो मलेरिया खात्याचा होता. कुठल्या घरात किती खोल्या आणि औषध कधी फवारलं, एवढंच तो लिहीत होता. मुन्शीजींनी त्याला कायद्याची सहा कलमं सांगितली. त्यानं शांतपणे फवारा मारला. दोन दिवस मुन्शीजींच्या अंगाला वास येत होता आणि डास सोडाच, अशीलसुद्धा जवळ येत नव्हते.

इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. पण वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, तसा पुस्तकांचा गुण हळूहळू अर्जांना लागला. लांजीकडच्या एका शेतकऱ्याची म्हैस कोंडवाड्यात अडकली होती. तिच्या सुटकेच्या अर्जाची सुरुवात मुन्शीजींनी अशी केली: "वह काली थी, शांत थी, और मंगलवार की सुबह से घर में नहीं थी।" म्हैस हा शब्द दुसऱ्या पानावर आला. तोपर्यंत कचेरीतल्या बाबूनं त्या शेतकऱ्याला बायकोचं नाव आणि वय विचारून घेतलं होतं. आम्ही आठवडाभर हसलो. मुन्शीजी हसले नाहीत. "पण त्यानं दुसरं पान वाचलं का नाई?" ते म्हणाले. "वाचलं न? झालं तं मंग."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं वेड सगळ्यांना फुकटची करमणूक वाटतं. करमणुकीचं बिल दुसऱ्याच कुणाच्या नावानं फाटतं, हे आम्हाला त्या बाईनं शिकवलं.

ती बैहरकडच्या एका गावाहून आली होती. विधवा, एकुलता मुलगा. ठेकेदाराच्या लाकूड डेपोतून साग चोरीला गेला आणि संशयावरून त्या मुलाला कोठडीत घातलं, त्याला दोन आठवडे होऊन गेले होते. वकील करण्याची ऐपत नव्हती. "लगन पंधरा दिवसावर हाय जी," ती मुन्शीजींना म्हणाली. "त्याच्या आधी पोरगा घरी आला पायजे. पोरीवाले लय इज्जतवाले हायत." मग तिनं पदराच्या गाठीतून एक घडी केलेली चिठ्ठी काढली. सरकारी दवाखान्याची होती. चोरी झाली त्या दिवशी मुलगा तापानं फणफणून तिथं भरती होता. तारीख, सही, शिक्का, सगळं होतं.

मुन्शीजींचे डोळे लकाकले. आयुष्यभर वाचलेलं दार शेवटी त्यांच्या हातानं उघडणार होतं.

अर्ज पाच पानांचा झाला. पहिल्या पानावर सागाचं जंगल, दुसऱ्यावर ठेकेदाराचा स्वभाव, तिसऱ्यावर एक बैलगाडी, जी कुठून आली आणि कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचव्याच्या तळाशी: "तो फिर चोरी के दिन यह लड़का कहाँ था? हुज़ूर, वह सरकारी दवाखाने की खाट पर बेहोश पड़ा था।" चिठ्ठी त्या पानाच्या मागं टाचलेली. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो: ते शेवटचं वाक्य टाइप करताना माझ्या अंगावर शहारा आला. मी त्यांना म्हटलं, "वा मुन्शीजी." ते बाईला म्हणाले, "बाई, शेवटच्या पानावर साहेब खुर्चीतून उठतीन."

साहेब दुसऱ्या पानावरच उठले. त्यांना दौऱ्यावर जायचं होतं. अर्जावर शेरा आला की विचार करण्याजोगं कारण दिलेलं नाही, आणि पुढची पेशी, म्हणजे सुनावणी, तेवीस दिवसांनी.

त्यानंतर मुन्शीजींना मी पहिल्यांदा धावताना पाहिलं. साहेबांची जीप बैहरला गेली म्हणून ते मिळेल त्या बसनं मागं गेले. डाकबंगल्याच्या चपराशानं त्यांना फाटकावरच अडवून सांगितलं, जे असेल ते पेशीवर. तिथं ते दोन दिवस बसून होते. चिठ्ठी त्यांच्याजवळ नव्हती. ती पाचव्या पानाला टाचलेली, आणि पाचवं पान बालाघाटला कचेरीच्या कपाटात.

लग्नाचा दिवस आला आणि गेला. पोरीवाल्यांनी मांडव घातलाच होता. तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच मांडवात मुलगी दुसरीकडे दिली. इज्जतवाले लोक काटकसरीही असतात.

पेशीच्या दिवशी मुन्शीजींनी बाबूच्या हातापाया पडून ती चिठ्ठी काढून पहिल्या पानावर लावली. साहेबांनी ती पाहिली आणि मुलगा पाच मिनिटांत सुटला. कुणीही खुर्चीतून उठलं नाही. दार उघडलं, चहावाला आला.

बाई मुलाला घेऊन कडुलिंबाखाली आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं खाली बसून फक्त विचारलं, "मुन्शीजी, तुमाले तं मालूम होतं न? मंग पयलेच काहून नाई लेहलं?"

मुन्शीजींचा पंजा टेबलावर होता. त्याच्याखाली कागद नव्हता. मला रडू येत होतं आणि मी यंत्राची फीत बदलण्याचं ढोंग करत होतो, कारण 'वा' म्हणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अर्जाची पहिलीच ओळ कामाची असायची. कचेरीत एवढे आखूड अर्ज कुणाचे नव्हते, आणि साहेबांनी म्हणे त्यांची तारीफही केली. त्या मुलासाठी दुसरं स्थळ शोधत ते सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडायचे. लांजीकडच्या एका घरी त्यांनी पत्र लिहिलं, त्याची पहिली ओळ अशी: "मुलगा अडतीस दिवस कोठडीत होता, निर्दोष सुटला, दवाखान्याची चिठ्ठी वरच लावली आहे." मी म्हटलं, मुन्शीजी, सोयरिकीच्या पत्रात असं लिहितात का? पण मुलीचा बाप स्वतः आला. "वाईट होतं ते पयल्याच ओळीत सांगतलं," तो म्हणाला. "आता लपवाले रायलं काय?" लग्न झालं. मुन्शीजी पंगतीत वाढायला होते.

वाचनालयाची मात्र त्यांनी पार वाट लावली. नवं पुस्तक आलं की कपाटाशी उभ्याउभ्या आधी शेवटचं पान वाचायचे. मी म्हटलं, मग मजा काय राहिली? "मजा नको आता माले. कोण सुटते ते पायतो, मंग घरी नेतो." एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण ते पहिल्या पानावर बारीक पेन्सिलीनं लिहूनही ठेवायचे: 'खून डॉक्टरने केला. माळी निर्दोष.' 'हेर म्हणजे तिचा सासरा.' पुढच्या वाचकाला उगाच जीव टांगून बसावं लागू नये, ही सद्भावना. आमचे होते नव्हते ते सभासद खवळले. मग मी रोज संध्याकाळी खोडरबर घेऊन बसायचो. ते लिहायचे, मी खोडायचो. वाचनालयाची शांतता अशी सत्कारणी लागली.

पुढे त्यांच्या गळ्याचं दुखणं निघालं. नागपूरला न्यायचं ठरलं. गोंदियाच्या गाडीत बसवायला मी गेलो होतो. खिडकीशी वाकून विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" त्यांच्या मांडीवर वाचनालयाचं एक पुस्तक होतं. त्यांनी त्याच्यावर पंजा ठेवला, आणि कित्येक वर्षांनी, जवळजवळ आवाज नसलेल्या गळ्यानं, म्हणाले, "पुढं मालूम पडते."

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. पहिली ओळ होती: "मी परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, तेव्हा टेबल दुसऱ्या कुणाला द्या." खाली नागपूरच्या उकाड्याबद्दल, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्याबद्दल आणि बैहरकडच्या त्या मुलाला मुलगी झाल्याबद्दल मजकूर होता. तो सगळा मी पोस्टमन गेल्यावर किती तरी वेळानं वाचला.

पुस्तक त्यांचा पुतण्या पावसाळ्याच्या तोंडाशी परत घेऊन आला. दवाखान्याची एक चिठ्ठी शेवटच्या वीसेक पानांच्या आधी खुणेसाठी घातलेली होती. तेवढी पानं छापखान्यातून आली तशीच एकमेकांना चिकटलेली होती, कडा अजून न कापलेल्या. मी सवयीनं खिशातून खोडरबर काढलं आणि पहिलं पान उघडलं. ते कोरं होतं.