आई सौर प्रकल्पावर आली तेव्हा

आई बडोद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिला विसर पडू लागला. आधी भाज्यांची नावं गेली, मग शेजारी गेले. मी शहराबाहेरच्या सौर प्रकल्पावर अभियंता आहे, हेही तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागे आणि दर वेळी ती नव्यानं खूश होई. "उन्हापासून वीज? अरे, मला दाखव की एकदा!"

थंडीतल्या एका रविवारी तिला गाडीत बसवून घेऊन गेलो. फाटकावरच्या रखवालदारानं "आवो बा, केम छो?" म्हणत खुर्ची आणली. आईनं त्याला झकास गुजरातीत उत्तर दिलं. ती भाषा तिच्यात अजून शाबूत होती.

पॅनेलच्या रांगा दिसल्या तशी ती थबकली. "केवढं तळं आहे रे! पडशील हं आत." तिनं माझा हात घट्ट धरला. मी तिला जवळ नेऊन काचेवर तळवा ठेवायला लावला. मग सावकाश सांगत गेलो. या काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या आहेत. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, एका दिशेनं वाहू लागतात. ती एकदिश वीज त्या खोलीतल्या इन्व्हर्टरमध्ये जाते, तिथं तिची प्रत्यावर्ती, म्हणजे घरात येते तशी दिशा बदलत राहणारी, वीज होते, आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवून पुढे तारांवर पाठवतो.

ती मान हलवत होती. एकाएकी तिचा आवाज बदलला, वर्गातला झाला. "मग ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त?"

मी घाईनं म्हणालो, "प्रकाश वाढला की वीज वाढते. पण पॅनेल तापलं की कमी होते. म्हणून मे महिन्यापेक्षा कधी कधी अशा थंडीतल्या स्वच्छ दुपारी ते चांगलं काम करतं."

"बरोबर," आई म्हणाली. वाटलं, आली परत. मी आणखी बोलत राहिलो. पॅनेल सूर्याबरोबर कशी वळतात, धूळ बसली की उत्पादन कसं घटतं, रात्री सगळं कसं थांबतं. तिला तिथंच धरून ठेवायचं होतं मला.

माझं बोलणं संपल्यावर तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"तुम्ही फार छान समजावून सांगता हो. घरी कुणी शिक्षक आहे का?"

"आई शिक्षिका होती," मी म्हणालो.

"तरीच. त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी सांगतो म्हणालो. रखवालदार चहा घेऊन येत होता. मी त्याच्याकडे जायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

परतताना खंडेराव मार्केटपाशी गर्दीत गाडी अडकली. ती फळांच्या गाड्यांकडे टक लावून बघत बसली. उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं आणि पावसाळा संपता संपता ती गेली.

दहाव्याला पुण्याहून आलेल्या बहिणीनं विचारलं, "शेवटी तुला ओळखायची का रे?"

"नाही," मी म्हणालो. "पण मी तिला आवडलो होतो."