फरक किती माफ?

विलास गेला, आणि मला रडू यायच्या आधी राग आला.

नव्वदीच्या शेवटी आळेफाट्यावर आम्ही दोघं कॉम्प्युटर क्लास चालवायचो. जवळच्या एका गावातल्या डेअरीचं software आम्हीच लिहिलेलं. दुधाची readings टाकली की कॉम्प्युटर SNF काढायचा, म्हणजे फॅट सोडून दुधात उरलेला कस. ८.५ किंवा वर असेल तर पास, नाहीतर कॅन परत.

एका संध्याकाळी आम्ही डेअरीतच होतो, तेव्हा दूध घालायला आलेल्या ठकूबाईंचा कॅन परत गेला.

Screen वर ८.५. त्याच्याच खाली "नापास".

आकड्याकडे बघतंय कोण? कॅन परत म्हणजे दुधात पाणी, एवढंच सगळ्यांना कळतं. रांगेत कुजबुज सुरू झाली.

"गाईची आन, पानी न्हाई घातलं म्या," बाई परत परत सांगत होत्या.

कोणी ऐकलं नाही. कॅन उचलून त्या निघून गेल्या.

विलास कॉम्प्युटरपुढून हलला नाही. त्यानं त्या आकड्याची सगळी शेपटी छापून घेतली. ८.४९९९ आणि पुढे नऊच नऊ.

"हिशोबात आपन ०.२ म्हनतो, मशीन आतमधी नेमकं तेवढं धरत न्हाई राव. बेरजेत केसभर कमी पडतंय."

"मग थोडा फरक माफ करू," मी म्हणालो.

"थोडा म्हंजे किती?"

यावर त्यानं माझं डोकं खाल्लं. शेवटी ठरलं ते त्याचंच.

"जो फरक मापाला दिसतच न्हाई, तो माफ. दिसला, की माफी न्हाई."

सकाळी बाईंना घरून घेऊन आला आणि भर रांगेत म्हणाला, "पानी बाईंच्या दुधात नव्हतं. आमच्या प्रोग्राममधी व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला काही नाही.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो. C झालं, VB झालं, Java आली. नवी भाषा हातात आली की विलासचा पहिला program ठरलेला: ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होतात का?

मग फोन. "हितंबी जुळत नाय राव! तू फरक किती माफ केलास?"

दरवेळी तेच. मी वैतागायचो. आता वैतागायचं तरी कोणावर?

आकड्यांच्या बाबतीत इतका कडक माणूस. स्वतःचं BP मात्र कधीचं वाढलेलं. गोळ्या घे म्हटलं की, "थोडं वरखाली चालतंय रं."

थोडं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. थकून जायचो त्याच्याशी बोलून.

आज त्याच्या दारात ठकूबाई बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या झाल्यात.

"चार मान्सांत माजी अब्रू राखली यानं," एवढंच म्हणाल्या.

विलास, तुझ्या BP चा फरक तर मापाला दिसत होता रे.

जा आता. भरल्या मनानं निरोप, मित्रा.