रिकामी शीट

मोटारसायकलची मागची सीट रिकामी ठेवून भोयेकाका कधी निघायचे नाहीत. सकाळी जव्हारच्या आमच्या गल्लीत ते गाडी सुरू करायचे, दोनदा हॉर्न वाजवायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "मोखाडा लायनीला कोण हाय का?" कोणी नसलं तर एसटी डेपोपाशी तोच प्रश्न. तिथंही कोणी नसलं तर टपरीवर एक चहा घ्यायचे, तेवढ्यात कोणीतरी उगवतंच. "रिकामी शीट फिरवली का पाप लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा म्हणे अगदीच कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी टपरीवाल्यालाच मागं बसवलं. बिचाऱ्याला परत यायला दुपारपर्यंत जीप मिळाली नाही आणि इकडं टपरीवरचं दूध नासलं.

माझी आणि त्यांची ओळखही त्या सीटवरच झाली. नाशिकहून बदलून आलेली मी नवी शिक्षिका, नोकरीचा पहिला दिवस, आणि एसटी डोळ्यांसमोरून निघून गेलेली. रडावं की शिव्या द्याव्यात हे ठरत नव्हतं. तेवढ्यात एक सावळा, ठेंगणा गृहस्थ गाडी थांबवून म्हणाला, "बसा बाई. पण हे मांडीवर धरा, हलवू नका." ते म्हणजे थंड डबा होता. अर्ध्या वाटेत कळलं की डब्यात म्हशींच्या लशी आहेत आणि हे देवराम भोये, सरकारी दप्तरात पशुधन पर्यवेक्षक, पाड्यांवर 'ढोरांचा डाक्टर'. इंग्रजी शिकवायला निघालेली मी म्हशींच्या लशी छातीशी धरून शाळेच्या फाटकात उतरले. पोरांनी मला पुढचे कितीतरी दिवस ढोरांची बाईच समजलं.

नोकरीभर त्यांनी अशी किती माणसं वाहून नेली याला गणती नाही. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरी, ताप आलेली लेकरं, शाळेत उशीर झालेले मास्तर, कोंबड्या, करडं, नाचणीची बोचकी. सूर्यमाळच्या बाजूला उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली की त्याच सीटवर पाण्याचे कॅन बसायचे. आभार मानलेले त्यांना खपत नसत. "मी कुठं नेलं? गाडी तर जातच होती," म्हणून मोकळे.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात बसेल अशी कोणाचीच समजूत नव्हती, आणि सकाळचे हॉर्न चालूच राहिले. पण तो थायलंडला जायचं म्हणेल, हेही कोणाला वाटलं नव्हतं. झालं असं की दाभोसा धबधबा बघायला आलेला एक परदेशी पोरगा भाड्याच्या मोटारसायकलसकट चिखलात रुतला. काकांनी ती गाडी काढून दिली आणि रिवाजाप्रमाणे त्याला घरी जेवायला आणलं. जेवताना त्या पोराने मोबाइलवर थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांचे फोटो दाखवले. काका बोटं चाटायची विसरले. भातखाचरं आपल्यासारखी, कुडाची घरं आपल्यासारखी, आणि चिखलात लोळणारी म्हैस तर थेट आपल्या पाड्यावरच्या रामाची! तिथंही गाडी भाड्यानं मिळते, हे त्या पोरानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. "बाई, तठली ढोरं बघायची हायत. डोंगराडोंगरानं, गाडीवर. तुम्ही इंग्रजी लिवा."

मी इंग्रजी शिकवते म्हणजे जगातल्या सगळ्या इंग्रजीची जबाबदारी माझी, असं जव्हारमध्ये मानतात. मी लिहायला बसले. मधेच एकदा विचारलं, "काका, भाड्याची अनोळखी गाडी, परका मुलूख. भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "परक्या मुलखात तठलीच गाडी बरी. बैल नाय का, आपल्या गावची वाट बरोबर धरतो?"

ही बातमी पाड्यांवर पोचली तेव्हा तिचा वेगळाच अर्थ झाला. आमच्याकडं भाड्याची गाडी म्हणजे सीटा भरून धावणारी जीप. तेव्हा भोये थायलंडला भाडं मारायला चालले, असंच सगळ्यांनी धरलं. पेन्शन पुरत नसेल म्हणून कोणी हळहळलं. एका जीपवाल्यानं तर मला गाठून धंद्यातला सल्ला दिला, "डाक्टरला सांगा, बाजाराच्या दिवशी दोन फेऱ्या जास्ती मारायच्या." काकांनी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. त्यांना त्याची मजाच वाटत होती.

प्रवास आखायची त्यांची पद्धत नोकरीतली होती. शहरं वगळली. "शहरात ढोरं नसतात, जाऊन काय करू?" दिवसाला एक घाट, दोन वस्त्या, त्याहून जास्ती नाही. मोबाइलवरचा नकाशा ते बोटांनी मोठा करायचे आणि प्रत्येक वळणाला आपल्याकडचं नाव द्यायचे. "हा आपला तोरंगण घाट. हा त्याहून खडा दिसतो." थायलंडमधल्या भाड्याच्या दुकानाची मालकीण मोठमोठ्या गाड्यांचे फोटो पाठवायची, ते काका नापास करायचे. खाचराच्या बांधावरून निघेल अशी हलकी गाडी हवी होती. त्यांचे प्रश्न मी इमानेइतबारे कळवत होते. मागं वासरू बांधलं तर तोल जाईल का, हा एक तेवढा मी स्वतःच्या अधिकारात गाळला.

आणि मग त्या बाईचा साधा प्रश्न आला. मागं कोण बसणार, नाव कळवा.

"लिवा," काका म्हणाले, "जो भेटेल तो."

मी लिहिलं. खरंच लिहिलं. त्यांच्या बाजूनं ते इतकं सरळ होतं की मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तर अगदी नम्र आलं, पण नम्रपणे ठाम. विम्याच्या नियमाप्रमाणे मागच्या सीटवर एकच माणूस बसेल, त्याचं नाव आधी द्यावं लागेल. नाव नसेल तर सीट रिकामी. वाटेतल्या कोणालाही बसवायचं नाही.

काकांचा चेहरा पडला. "म्हंजे अर्धीच गाडी देतात की!" म्हणाले. मग जरा वेळानं, "ऱ्हाऊ दे बाई. रद्द करा. रिकामी शीट घेऊन डोंगर हिंडायचे तर अठं खाटेवर बसलो काय न् तठं गेलो काय." मला वाटलं रागाच्या भरात बोलतायत. पण त्यांनी खरंच बेत सोडला. सकाळचे हॉर्न बंद झाले. गल्लीला सकाळी उठवणारं कोणी राहिलं नाही आणि माझ्या दोन एसट्या चुकल्या. त्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी म्हणून हे एवढंच मागितलं होतं, आणि ते हातचं जाताना बघून मला फार वाईट वाटत होतं.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ताराकाकू पडवीत सुपात नाचणी पाखडत होत्या. काका खाटेवर. मी म्हटलं, "एक नाव द्यायचंय, त्यात एवढं काय? द्या कोणाचं तरी."

तसे ते जरा सावरले आणि नावं घ्यायला लागले. रामा चालला असता, पण त्याच्या म्हशी कोण बघणार? टपरीवाला तयार होता, पण तो उलट्या करतो. सरपंचांचा मेहुणा स्वतःहून सांगून गेला होता, तो फार बोलतो. असा अख्खा तालुका त्यांनी त्या सीटवर बसवला आणि उतरवला. मी ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. सुपाचा आवाज मात्र एका लयीत चालू होता.

"काका," मी म्हटलं, "काकूंचं नाव तुमच्या तोंडात का येत नाही हो?"

ते खरोखर चकित झाले. "ती? ती कुठं बसते गाडीवर!"

सूप थांबलं. "बसवलंत कवा?" काकू म्हणाल्या.

त्यांचा सूर चढलेला नव्हता. त्या माझ्याकडं बघून सांगायला लागल्या. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मोखाड्याचा बोहाडा होता, मुखवटे घालून सोंगं नाचतात तो. मी नवं लुगडं नेसून तयार. शीटवर हात ठेवला न् तेवढ्यात रामाचा बाप आला पळत, म्हस अडली म्हणून. अडली म्हस, पण शीटवर बसला तो. मी जीपनं गेले. तठं पोचले तवर निम्मी सोंगं नाचून झालेली. मंग मी जीपचीच झाले."

"म्हस वाचली ना पण," काका पुटपुटले.

"वाचली. मी कुठं म्हणते मरायला पायजे होती?"

काका उठले. फडकं घेऊन अंगणात गेले आणि गाडीची सीट पुसायला लागले. आधी मागची, मग पुढची, मग पुन्हा मागची. मग तिथूनच म्हणाले, "तारे, चल."

"कुठं?"

"सूर्यमाळला जाऊन येऊ. सवय नको का करायला?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. नाचणीचं फोल गेलं म्हणाल्या. माझ्याही डोळ्यांत तेच फोल गेलं होतं.

त्या सरावाच्या फेरीची हकीकत मला दोघांकडूनही मिळाली. हेल्मेटात अंबाडा मावेना, म्हणून वेणी घालावी लागली. एका बाजूला बसायचं नाही हे कळल्यावर काकूंनी माझा सलवार-कमीज मागून नेला, तो आजतागायत परत आलेला नाही. वाटेत प्रत्येक वर झालेल्या हाताला काकांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी थांबायची, तो माणूस मागं बघायचा, काकू त्याच्याकडं बघायच्या. काका ओशाळून म्हणायचे, "आज शीट भरली रे." एका म्हाताऱ्यानं त्यांना निरखून विचारलं म्हणे, "ही पेशंट कुठली?"

मी थायलंडला नाव कळवलं. तारा देवराम भोये. मालकिणीनं उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला.

दोघं जाऊन आली. ढोरांबद्दल काका जे बोलले त्याचं एक वेगळं पुस्तक होईल, ते मी सोडून देते. खरी गोष्ट काकूंनी सांगितली. "एका घाटात म्हातारी दिसली, पाठीला टोपली, चढ चढत होती. ह्यांनी ब्रेक मारलाच. मला ठाऊकच होतं. वळून बघेनात, आरशातून बघतात माझ्याकडं. मी बोलले, मी उतरायची नाय."

"मग?"

"मंग मी टोपलीकडं हात केला. म्हातारी आधी घाबरली. मी हसले, तशी ती पण हसली न् दिली टोपली. ती मांडीवर घेऊन घाट चढलो, न् वर जाऊन वाट बघत बसलो. आली हळूहळू. टोपलीत भोपळे होते. एक आम्हाला दिला."

"नियम मोडला नाय," काकांनी मधेच खुलासा केला. "माणसाचं नाव लागतं. टोपलीचं कुठं लागतं?" तो भोपळा त्यांनी गाडी परत करताना भाड्याच्या दुकानात देऊन टाकला.

आता सकाळी गल्लीत दोन हॉर्न पुन्हा वाजतात, पण पुढचा प्रश्न येत नाही. काकू हेल्मेट घालून बाहेर येतात. लोकांची गैरसोय झाली का? थोडी झाली. मी काकूंना एकदा विचारलंही, की वाटेत आजारी माणूस दिसला तर? "तर उतरते की," त्या म्हणाल्या. "पण मी उतरते. हे उतरवत नाय." मी वर्गात इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण उतरणं आणि उतरवणं यातला फरक मला त्या दिवशी खरा कळला.

परवा मी स्टॉपवर उभी होते. एसटीचा पत्ता नव्हता, आणि हातात उत्तरपत्रिकांची जड पिशवी. दोघं आली. काकांनी सवयीनं गाडी थांबवली, पाय टेकला आणि आरशात पाहिलं. मागं काकू माझ्या सलवार-कमीजमध्ये ऐसपैस बसलेल्या.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठंच नाय!" काकू म्हणाल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाई, मी उतरायची नाय हं."

"नका उतरू."

"मंग ती पिशवी द्या अठं. शाळेत ठेवतो."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, नीट धरली, आणि गाडी मोखाड्याच्या रस्त्याला लागली. मी मोकळ्या हातांनी एसटीची वाट बघत उभी राहिले.