घरी कोरडी, शाळेत ओली

"मॅडम, घरात टिपूस न्हाई. शाळंत गेली की झालंच समजा. आता ह्यात चूक कुणाची?"

सुभेदार आबा माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसून विचारत होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची पाठ अजून ड्यूटीवरच आहे. शेजारी त्यांची सात वर्षांची नात मुक्ता माझा स्टेपलर उघडून आत काय आहे ते बघत होती.

मी साताऱ्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. असं सांगितलं की लोक आधी दुखरा गुडघा पुढे करतात. माझं काम मुलांशी. बटण लावणं, घास घेणं, बाथरूमला जाणं ही रोजची कामं ज्यांना उशिरा जमतात, त्यांना ती शिकवायची. मुक्ताची वाढ सावकाश आहे. चालली उशिरा, बोलते मोजकं. वडील लष्करात, आई शिरवळला कंपनीत, सुट्टीला घरी येते. त्यामुळे पाटणजवळच्या गावात नातीचा पूर्ण चार्ज आबांकडे.

लघवीचं ट्रेनिंग आम्ही घरी सुरू केलं होतं. त्यात मुलाला लागायची वाट बघायची नाही. ठरावीक वेळेला न्यायचं आणि दर वेळी एकच खूण करायची. तिला आम्ही क्यू म्हणतो. क्यू मिळाला की करायचं, अशी शरीराला हळूहळू सवय लागते. आबांनी हे ऐकलं आणि घराची छावणी केली. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून आल्यावर नात मोरीत हजर. पाहुण्यांचा चहा गार झाला तरी कार्यक्रम रद्द नाही. मुक्ता घरी खरंच कोरडी राहायला लागली.

शाळेत मात्र रोज चड्डी ओली. बाकीचे पालक कुरकुरायला लागले. शाळा छोटी, वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका एकच. त्या बाईंनी आबांना सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत जमलं नाही तर तिला घरीच ठेवा." कायद्यानं त्यांना असं म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. पण कायदा दाखवून मूल वर्गात बसवता येतं, बाईंच्या मनात नाही. आणि ही पोर रविवारीही दप्तर अडकवून उंबऱ्यावर बसायची. तिची शाळा कायमची बंद होईल या विचारानं मला घास गोड लागत नव्हता.

आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घेतली. इन्फेक्शन नव्हतं. पोट रोज साफ होत होतं. बद्धकोष्ठानंही मूत्राशयावर दाब येतो, म्हणून ते विचारावंच लागतं. शाळेचं टॉयलेट जाऊन पाहिलं, तेही चांगलं होतं.

"मुद्दाम करते हो ती," बाई म्हणाल्या. "बरोबर मी वर्गात आले की करते."

"बाईचा धाक बसलाय," आबा म्हणाले.

शेवटी एक दिवस मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक पहिलीच्या मापाचा, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागत होते. मुक्ता पुढच्या बाकावर चित्र रंगवत होती. मधली सुट्टी संपली, पोटभर पाणी पिऊन पोरं कलकलाट करत आत आली. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला, ओठांवर बोट ठेवलं आणि लांबलचक आवाज काढला, "शूऽऽऽऽ!"

वर्ग गप्प झाला. मुक्ता आधीच गप्प होती. तिनं हुकमाचा दुसरा अर्थ घेतला आणि बाकाखाली थारोळं झालं.

मी व्हरांड्यात जाऊन आबांना फोन लावला. "आबा, मोरीत नेल्यावर तुम्ही खूण काय करता?"

"काय म्हंजे? शूऽऽ करतो की. समदी करत्यात."

खरंच होतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पायांवर धरल्यापासून हाच मंत्र असतो. आबांनी तो लष्करी शिस्तीनं पक्का केला, एवढंच. वर्गातलं सगळ्यात आज्ञाधारक मूल मुक्ता होती, आणि बोलणी तीच खात होती.

शाळा सुटल्यावर मी बाईंना म्हटलं, "ती मुद्दाम करत नाही. तुम्ही सांगता म्हणून करते."

"मी? मी कधी सांगितलं?"

मी ओठांवर बोट ठेवून करून दाखवलं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग हसू थांबलं. मुक्ताला जवळ ओढून म्हणाल्या, "आणि मी तुलाच रागावत होते गं." मुक्तानं त्यांच्या बांगड्या मोजायला घेतल्या.

"पण मग मी वर्ग गप्प कसा करू?" बाईंनी विचारलं.

नातीला न्यायला आलेले आबा दारातून म्हणाले, "सावधान म्हना की!"

पोरांना ते फारच आवडलं. इकडे घरी आम्ही शूऽऽ हळूहळू कमी केलं. आपण सांगितल्यावर करणं ही अर्धीच शिकवण, लागल्यावर मुलानं सांगणं ही पुरी. मुक्ताला शब्द लवकर सुचत नाहीत, म्हणून सगळ्या शाळांना कळणारी खूण दिली, करंगळी. दप्तरात जादा चड्डी असायचीच, आणि ती बऱ्याचदा लागायचीही. दिवाळी आली, गेली. घरी ठेवायचा विषय बाईंनी काढला नाही.

मग गॅदरिंग आलं. बाईंनी मलाही बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले. गलका थांबेना. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं केलं, "शूऽऽऽऽ!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मुक्ताकडे. ती नाचाच्या कपड्यात पुढे बसली होती. क्षणभर थांबली, मागे वळून आबांना शोधलं आणि करंगळी वर केली. अगदी ताठ. माझे डोळे भरून आले, काय लपवायचं.

आबा तिला घेऊन गेले. भाषण संपत आलं तरी दोघांचा पत्ता नाही. मी काळजीनं मागे गेले. मुक्ता टॉयलेटच्या बाहेर उभी, कोरडी ठणठणीत. आबा आतून बाहेर येत होते.

"आबा, एवढा वेळ? तिला काही त्रास झाला का?"

"तिला कशाचा तरास? तिचं कवाच झालं." मग आवाज उतरवून म्हणाले, "आवं मॅडम, येवढं दिस मोरीच्या दारात हुबं ऱ्हाऊन शूऽऽ कुनी केलं? मीच न्हवं? मग सवय एकट्या पोरीलाच लागंल व्हय?"

तेव्हापासून क्यू ठरवताना मी घरच्यांना दोन प्रश्न विचारते. हा आवाज शाळेत कोण काढतं? आणि आजोबांना झेपेल ना?