वैशंपायन सरांची सही

‘नेहमी’ हा शब्द कानावर पडला की वैशंपायन सर खडू खाली ठेवत. बी.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात मी उभी राहून म्हणाले, “ऊर्जा नेहमी अक्षय्य असते.” तर म्हणाले, “नेहमी? सगळीकडे जाऊन आलीस का, बिटिया?” मुलांनो, झाशीतल्या ओरछा गेटजवळच्या जुन्या मराठी घराण्यातल्या या माणसानं मला भारी छळलं.

माझे बाबा रेल्वेत गार्ड. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, पहिला वर्ग मिळाला तर एम.एस्सी., नाहीतर लग्न.

शेवटच्या वर्षी शिशाच्या छर्ऱ्यांचा प्रयोग होता. छर्रे भरलेलं नळकांडं शंभरदा उलटंपालटं करायचं. पडून पडून छर्रे तापतात. पडण्यातली ऊर्जा आणि आलेली उष्णता सारखी निघायला हवी. सगळे करत तेच मी केलं, उत्तरावरून मागे येत आकडे लिहिले. सरांनी वही पाहिली. “हे रीडिंग आहे का श्रीखंड? इतकं गुळगुळीत?” सही नाही. आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

मग एप्रिलच्या दुपारी गार कोठीतले छर्रे काढून खरोखर मोजलं. उष्णता जास्तच आली! तीनदा केलं, तीनदा जास्त.

“सर, बाहेर भाजणाऱ्या वाऱ्याची लू चाललीय. तिनंच तापले असणार.”

“असतील. मोजलीस लू?”

“नाही.”

“मग तसं लिही.”

“पण नियम तर खरा आहे ना, सर?”

“मला वाटतं, आहे. पण वाटणं माझं, रीडिंग तुझं. मिसळू नकोस.”

‘उष्णता जास्त आली. कारण मोजलेलं नाही,’ असं मी रडत लिहिलं. सरांनी लगेच सही केली. बाहेरून आलेले परीक्षक मात्र हसले, “क्यों, झाँसी में ऊर्जा पैदा होती है?” आणि गुण कापले. पहिला वर्ग गेला.

सर आपणहून बाबांकडे रदबदली करायला आले. बाबांनी एकच विचारलं, “एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवेल ना ही?” एक ‘हो’ पुरे होतं. सर म्हणाले, “आत्ताच कसं सांगू?” मी आतल्या खोलीत दात-ओठ खात होते. जूनमध्ये माझं लग्न झालं.

एम.एस्सी. मी केली ती तुमची आई शाळेत जायला लागल्यावर. तिथं शिकले की विश्व पसरताना प्रकाशाची ऊर्जा घटते, आणि ती गेली कुठं याला सरळ उत्तर नाही. ‘नेहमी’ खरंच म्हणता येत नाही. इतक्या वर्षांचा राग आणि ही बातमी, दोन्ही घेऊन मी ओरछा गेटला गेले. सरांच्या सुनेनं दार उघडलं. सर गेल्या थंडीतच वारले होते. तिच्याशी काय भांडणार? पाणी प्यायले आणि चिडलेलीच सीपरी बाजारच्या टांग्यात बसले.