कायलेसाहेबांची खुर्ची

साकोलीच्या कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत एक खुर्ची आहे, तिचा वेत अजून नवाकोरा आहे. ती आमच्या कायलेसाहेबांची. तिच्यावर ते कोट टाकायचे, डबा ठेवायचे आणि स्वतः व्हरांड्यात फेऱ्या मारत राहायचे. पवनीच्या विणकराच्या घरातला जन्म. वडिलांच्या मागावर धोटा जसा इकडून तिकडे पळायचा, तसेच हे. पक्षकाराला मान वळवून वळवून आपलं गाऱ्हाणं सांगावं लागे.

पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते घेत कोणी नसे. कुठलंही कलम पुढे ठेवा, पहिला प्रश्न ठरलेला : "हे कायले केलं?" कायले, म्हणजे कशासाठी. ज्युनिअर म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना एक कलम घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतराचा मला भारी तोरा होता. ते म्हणाले, "पाठ त पोपटालेही होते, पोरी. सरकारले काय दुखून राहिलं होतं म्हणून हे कलम आणलं, ते सांग." मला सांगता आलं नाही, आणि रागही आला. त्यांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे सुखाने जेवायचं सुद्धा नाही. घास तोंडात असतानाच प्रश्न यायचा.

रुखमाबाईंचं प्रकरण आलं तेव्हा तर त्यांच्या फेऱ्यांना अंतच राहिला नाही. रुखमाबाई जवळच्याच एका गावच्या ढिवरीण, म्हणजे मासेमार समाजातल्या. नवरा वारला, पदरात दोन मुली. गावतलाव मच्छीमार सोसायटीकडे होता आणि नवरा तिचा सभासद होता. त्याच्या जागी मला घ्या, एवढंच बाईंचं मागणं. सोसायटी म्हणाली, नियमात 'प्रत्यक्ष मासेमारी करणारी व्यक्ती' असं लिहिलंय, तुम्ही कुठे मासे धरता? सभासद नाही तर तलावात वाटा नाही, आणि तलावाशिवाय त्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

सहकार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. बाईंना नुसतं 'हो' म्हणायला शिकवू या, असं मी सुचवलं होतं. साहेब फिरता फिरताच असे बघायला लागले की मीच खाली पाहिलं. अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः पाण्यात मासे धरता?" रुखमाबाई हात जोडून म्हणाल्या, "नाही जी. आमच्या गावात बाई डोंगा घेऊन पाण्यात जात नाही, तशी रीत हाये. मी जाळं विणतो, मासोळी निवडतो, बजारात नेतो." खरं बोलल्या आणि हरल्या. शब्द स्पष्ट आहेत, आमचा नाइलाज आहे, असं अधिकाऱ्याने लिहिलं.

मग हायकोर्टात जायचं ठरलं. "आता सांग, 'प्रत्यक्ष' हा शब्द कायले घातला?" यावेळी माझी तयारी होती. पूर्वी शहरातले ठेकेदार आपल्या नोकरांची नावं घुसवून तलाव बळकावत, त्यांना अडवायला तो शब्द आला. म्हणजे शब्द ठेकेदाराविरुद्ध आहे, विधवेविरुद्ध नाही. "जिंकलोच की साहेब!" मी म्हटलं. ते उलट जास्तच बेचैन झाले. "अन उद्या ठेकेदारच उभा राह्यला, म्हणाला, मीही मासोळी विकतो, मीही मच्छीमार. मंग? हा शब्द त्या तलावाचं दार हाये. बाईसाठी उघडतो खरं, पण मागून कोण शिरन?"

पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला आणि स्वतःला चैन पडू दिलं नाही. ऐन उन्हाळ्यात त्या गावी जाऊन आटलेल्या तलावाच्या पाळीवर येरझारा घातल्या. मी सावलीला बसले तर म्हणाले, "बसल्यानं कायदा कळत नाही." नागपूरला निघालो त्या दिवशी बस निम्मी रिकामी होती. कारध्याचा पूल आला तरी हे आपले दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा न. तिकीट त पूर्ण घेतलं." साहेबांनी ऐकलंच नाही.

कोर्टात न्यायमूर्तींनी नेमकं तेच विचारलं : मासे विकणारी बाई मच्छीमार, तर मासे विकणारा व्यापारी का नाही? साहेब स्तब्ध उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय थांबलेले पाहिले ते तेवढेच. मग ते शांतपणे म्हणाले, तलाव आटला तर व्यापारी दुसऱ्या गावचे मासे आणून विकेल. या बाईची मात्र चूल विझेल. तलाव आटल्यावर ज्याची चूल विझते, त्याच्यासाठी हा नियम केला आहे. पाळीवरच्या येरझारांत ते काय शोधत होते, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही जिंकलो. रुखमाबाई टोपलीभर मासोळी घेऊन आल्या आणि रडल्या. मीही रडले. साहेब मात्र निकालाची पानं उलटत फिरत होते. "दार उघडलं. कडी कुठं हाये?" शेवटी ते चुलीचं वाक्य सापडलं. न्यायमूर्तींनी ते जसंच्या तसं घेतलं होतं. मला वाटलं, आता तरी टेकतील. पण ते म्हणाले, "कडी हाये. पण ते आपोआप लागत नाही, पोरी. लावाले माणूस लागते."

गेल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत ते गेले. सकाळी अंगणात फेऱ्या मारता मारता खाली बसले, ते उठलेच नाहीत. घरच्यांना आधी वाटलं, चला, एकदाचे बसले. मला त्यांची फार आठवण येते. शांतपणे जेवता येतं, म्हणूनच येते.

जेवता येतं म्हणते, पण परवापर्यंत येत होतं. परवा सोसायटीत एका ठेकेदाराचा अर्ज आला. तो मासे विकतो, म्हणून त्यालाही सभासद करा; सोबत आमचाच निकाल जोडलेला. आज रुखमाबाई धावतच कोर्टात आल्या. "म्याडम, माह्याच निकालानं माहा तलाव जाते काय?"

ते चुलीचं वाक्य मला पाठ आहे. पण पाठ तर पोपटालाही होतं. ठेकेदाराचा वकील काय म्हणेल, त्यावर न्यायाधीश काय विचारतील, हे डोक्यात फिरायला लागलं होतं आणि त्याबरोबर पायही.

"बसा न म्याडम जरा," त्या घाबरून म्हणाल्या.

खोलीत एकच खुर्ची मोकळी होती. तिच्यावर मी सकाळी माझा कोट टाकला होता. तो उचलला, वेतावरची धूळ झटकली आणि म्हटलं, "तुम्ही बसा, रुखमाबाई."

आणि मी व्हरांड्यात निघाले.