शेवंताताईंच्या काचेतल्या मुंग्या

कुरखेड्याहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिथल्या घरी आता राहणारा माझा पुतण्या म्हणाला, "काकू, आत्या गेली. सकाळी." मी पहिलं विचारलं ते, "डॉक्टरांनी नीट तपासलं का? औषध बदललं होतं का कुणी?" तो म्हणाला, "काकू, वय झालं होतं तिचं." फोन ठेवल्यावरही माझं समाधान झालं नाही. माझा स्वभाव तुम्हा नातवंडांना माहीत आहे. दूध आलं की बोट बुडवून बघणारी, दाराला कडी लावून पुन्हा ओढून बघणारी बाई मी. तुमच्या आत्याआजीला जाऊन आता काही आठवडे झाले, आणि परदेशातून तुम्ही दोघांनी विचारलंत की ती नेमकी कशी होती. सांगते, पण माझ्या पद्धतीने, क्रमाने सांगते.

मी लग्न होऊन कुरखेड्याला आले ते पन्नासनंतरच्या त्या वर्षांत. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच. मी नागपूरला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकलेली. तुमचे आजोबा तिथल्या शाळेत शिकवत, घरी धानाची शेती होती. धाकटे दीर शिकायला बाहेरगावी असत; घरात सासूबाई होत्या आणि शेवंताताई, आजोबांची मोठी बहीण. त्यांना घुग्घुसला दिलं होतं. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला होता, तो लग्नानंतर लवकरच वारला. सासरी त्यांना ठेवून घ्यायला सगळे तयार होते, कारण पाळीवर जाणाऱ्या पुरुषांचे डबे करायला दोन हात हवे होते. ताई तिथून एका लुगड्यानिशी परत आल्या होत्या. मागच्या खोलीत राहत, फार बोलत नसत आणि खोलीचं दार लोटून घेत. मी आल्या आल्या हे लोटलेलं दार टिपून ठेवलं.

दाराआड एक मुरंब्याची काचेची बरणी निघाली. तळाशी ओली माती, वर फडक्याचा दट्टा आणि सगळ्याला काळ्या कापडाचं पांघरूण. पावसाळ्याच्या तोंडाशी अंगणातल्या वारुळातून पंखवाल्या मुंग्या उडतात, त्यातली एक मोठी राणी ताईंनी उचलून बरणीत सोडली होती. राणीने मातीत घर करून त्याचं तोंड बंद करून घेतलं. किती तरी दिवस ना अन्न ना पाणी, नुसती वाट पाहणं. पुढे चार इवल्या मुंग्या वर आल्या तेव्हा ताईंनी मला हाक मारून दाखवल्या. मी म्हटलं, "ताई, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "पाहून राह्यली. कोणाचं काही बिघडते काय?"

बरणी अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोची काच काढली, तेवढ्याच मापाची दुसरी बाजारातून आणवली आणि सुताराकडून मधे लाकडी चौकट बसवून घेतली. दोन काचांमध्ये माती, मातीत बोळ आणि कोठारं, सगळं उभ्या चित्रासारखं दिसे. फोटो मात्र काचेवाचून तसाच भिंतीवर राहिला. सासूबाईंना ते फार लागलं. शेजारच्या गोदाबाई तर दारातूनच म्हणाल्या, "शेवंते, नवऱ्यावरची काच काढून मुंग्याइले देली काय वो?" ताईंनी काळं कापड बाजूला करून राणीकडे बोट दाखवलं. "हिचा नवराबी लग्नाच्या दिवशीच मेला, गोदाबाई. पंख हिनं आपल्या हातानं तोडून टाकले. तरी पाय, कसं घर मांडून राह्यली. हिले कोणी विचारत नाई." गोदाबाई पदर तोंडाला लावून गेल्या त्या सरळ विहिरीवर. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की मास्तरची विधवा बहीण काळ्या फडक्याखाली काहीतरी पोसते आहे.

मुंग्यांना साखर किंवा पीठ घालणाऱ्या बायका गावात पुष्कळ होत्या, ते पुण्याचं काम. पण घरात झाकून ठेवायचं आणि दाणे घालायचे, हे कुणाच्या हिशेबात बसेना. मलाही ते बसत नव्हतं. चौकट एका चौरंगावर ठेवलेली होती आणि चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत होते, आपण दुधाच्या कपाटाला करतो तसे, म्हणजे एकही मुंगी खाली उतरू नये. मी रोज सकाळी त्या वाट्या तपासायची. ताई बघत, काही म्हणत नसत. एकदा मात्र त्यांनी मला जवळ बसवलं. चिमूटभर कुटकी, म्हणजे बारीक दाण्याचं भरडधान्य, घातली होती. एकेक मुंगी दाणा उचलून खाली नेई, मोठ्या डोक्याच्या मुंग्या टरफल सोलत, मग चावून चावून त्याचा लगदा करत, आणि टरफलं सगळी एकाच कोपऱ्यात नेऊन टाकत. कोपरा इतका नेटका होता की माझ्या स्वयंपाकघरातही तेवढा नसेल. "पाय," ताई म्हणाल्या, "कोणी कोणाले सांगत नाई, तरी होते." मला ते आवडलं. पण दुसऱ्या दिवशी मी वाट्या पुन्हा तपासल्याच.

मग तुमच्या बाबांना ताप आला. तेव्हा ते पाळण्यातले होते. त्या भागात हिवताप घरोघरी असे. दवाखान्यातून कुनाइन आणलं होतं, पण ताप दोन दिवस उतरून पुन्हा चढे. एका दुपारी मी बोडीवर, म्हणजे शेतालगतच्या तळ्यावर, धुणं धुवून परत आले तर बाळ घसा फोडून रडत होतं. झबलं वर केलं... पाठीवर, पोटावर, मांड्यांवर लाल लाल पुरळ, काही ठिकाणी टपोरे फोड. सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन फिरत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मुंग्या चावल्या त्याले." मी सरळ मागच्या खोलीत गेले. वाट्या आता भरलेल्या होत्या, पण त्या दिवशी सकाळी चारपैकी एक वाटी मला कोरडी सापडली होती आणि मीच ती भरून ठेवली होती. ती कुणी रिकामी केली हे मला आजही ठाऊक नाही. माझा संशय कोंबडीवर आहे.

मी घरात सगळ्यांना वाटीचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. पुरळ समोर होतं, मुंग्या घरात होत्या, वाटी कोरडी होती. आजोबा रागावले नाहीत, पण जेवले नाहीत. गोदाबाईंनी गावाचं म्हणणं आणून पोचवलं, "लेकरावर सोडल्या म्हन्तेत. लेकरू नाई ना तिले, म्हून." सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माह्या मुंग्या कोणाले चावत नाई," आणि त्यांनी काळं कापड नीट ओढून घेतलं. शेवटी आजोबांनी घुग्घुसला निरोप पाठवला की ताईंना घेऊन जा. परत गेल्या असत्या तर त्या पुन्हा आल्या नसत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मध्यंतरी बाळाचा ताप उतरला. मी त्याचे कपडे उकळायला काढले तेव्हा झबल्याच्या बंदात काहीतरी अडकलेलं दिसलं. नारिंगी रंगाची, लांब पायांची मेलेली मुंगी होती. जबडा बंदात घट्ट रुतलेला. नाकाशी नेली तर आंबट वास. ही ताईंची नव्हे. ताईंच्या मुंग्या काळसर, बुटक्या. तरी खात्री हवी म्हणून मी चौकटीचं वरचं झाकण उघडून करंगळी आत धरली. एकीने चिमटा काढला, दुसरी नुसती फिरून गेली. पुरळ उठलं नाही. आंबट वासाची जात परसातल्या आंब्यावर असते, पानं शिवून घरं करते. पण पाळण्यातलं मूल आंब्यावर चढत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला तिथे नेलं होतं. आणि तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते ताईंचंच.

घुग्घुसचे त्यांचे दीर आले त्या दिवशी मी ती मुंगी पळसाच्या पानावर ठेवून ओसरीवर आणली. ताईंची ट्रंक दाराशी होती. दीर सुपारी कातरत हसत होते, "चला वहिनी, वडशाची मोटर सुटते. मुंग्याइले नाई नेत बरं मी, घरी आमचेच तोंडं पुरेत." मी पान सगळ्यांच्या मधे ठेवलं. म्हटलं, "ही बाळाच्या झबल्यात होती. ही आंब्यावरची आहे. बाळाला आंब्याखाली कुणी नेलं?"

ताईंनी पानाकडे पाहिलंही नाही. "म्या नेलतं," त्या म्हणाल्या. "झालं समाधान? चला, भाऊ." आणि ट्रंकेला हात घातला.

"ठेव ते खाली." सासूबाईंचा आवाज इतका बारीक होता की दिरांचा अडकित्ता थांबला. "शेवंते, ठेव म्हन्ते ना. खोटं बोलून राह्यली ते. पोराले म्या नेलतं आंब्याखाली."

"आई, तू काऊन..." आजोबा म्हणाले.

"तापावर तेच करतेत इकडं. लाल मुंग्या डसवल्या का ताप उतरते. तुले नाई केलतं काय म्या लहानपणी? जगला ना तू?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुले सांगतलं असतं त तू म्हनली असती, जंगली बाई हाय. तू इंग्रजी शिकलेली. पोरगं माह्या हाती देलं नसतं तू पुन्हा."

दिरांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "म्हंजे मी एकटाच जाऊ का काय?" आजोबांनी त्यांना मोटरीपर्यंत सोडलं.

ताप मुंग्यांनी उतरला की कुनाइनने, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात झालं. बाळ मी सासूबाईंच्या मांडीवर पुन्हा दिलं, पण ओसरीवर, मला चुलीपाशी बसून दिसेल असं.

त्यानंतर एका सकाळी ताई कुटकी पाखडत होत्या तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" त्यांनी सूप थांबवलं नाही. "त्याच दिवशी. आईच्या पदराले आंबट वास येत होता." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? तुम्हाला घुग्घुसला धाडत होते." ताई म्हणाल्या, "मी गेली असती त एक जीव गेला असता घरातून. आईचं नाव घेतलं असतं, त तू नातू देला नसता तिच्या हाती. मंग ते जगून काय करती, वहिनी?" त्या पाखडत राहिल्या, टरफलं वाऱ्यावर गेली.

ताई त्या घरातच राहिल्या, शेवटपर्यंत. काचेतल्या मुंग्याही पुष्कळ वर्षं टिकल्या. पुढे राणी मेल्यावर एकेक करून संपल्या तेव्हा त्यांनी दुसरी राणी आणली नाही. पण एक गोष्ट कायमची राहून गेली, ती तुम्ही पाहिलेली आहे, फक्त तुम्हाला तिचं कारण कळलं नव्हतं. तुमच्या बाबांनंतर त्या घरात जेवढी मुलं आली, त्यांतल्या एकालाही ताईंनी आपणहून उचललं नाही. मूल रडत असलं, रांगत उंबऱ्यापर्यंत पोचलं असलं, तरी त्या आधी माझ्याकडे बघत आणि विचारत, "घेऊ काय?" मी घरात नसले तर त्या मुलाजवळ नुसत्या बसून राहत. मागच्या हिवाळ्यात आपण सगळे कुरखेड्याला गेलो होतो. माझ्या धाकट्या नातीच्या झोपलेल्या मुलीला तुमच्या आईने, कुणाला न विचारता, ताईंच्या मांडीवर ठेवलं. ताईंना तेव्हा नीट दिसतही नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले, तळवे उघडे, मुलीला कुठेही लागणार नाहीत असे, आणि मान फिरवून मला शोधू लागल्या. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. "घ्या ना ताई," मी म्हटलं. ऐकू गेलं नाही. मी उठले, जवळ गेले, त्यांचे दोन्ही हात धरून मुलीच्या अंगावर ठेवले... तरी किती तरी वेळ ते हात हलकेच राहिले, टेकले नाहीत.